लॉकडाऊनमधली ड्यू लिस्ट

मार्च २०२० च्या अखेरीस देश बंद झाला, तेव्हा बाळांचं लसीकरण सरसकट बंद करा असं कोणीच म्हटलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने तर २६ मार्चलाच सांगितलं होतं की गर्दी जमवणाऱ्या मोठ्या मोहिमा थांबवा, पण नेहमीचं लसीकरण जमेल तिथे चालू ठेवा. मे महिन्यात केंद्राच्या सूचना आल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाची लस कुठेही थांबवायची नाही, प्रतिबंधित क्षेत्रात वस्तीवरची सत्रं घ्यायची नाहीत, इतरत्र अंतर राखून घ्यायची. निर्णय बरोबरच होता. लंडनच्या संशोधकांनी त्याच वर्षी आफ्रिकेपुरतं गणित मांडलं. लस घ्यायला जाण्यात कोविड लागून एक मृत्यू वाढत असेल, तर लसीकरण चालू राहिल्याने ८४ बालमृत्यू टळतात.

घोडं अडलं ते वस्तीवरच्या सत्रापाशी. गावाकडे बाळाची लस म्हणजे अंगणवाडीतला ठरलेला दिवस. आरोग्यसेविका व्हॅक्सिन कॅरियर खांद्याला लावून येते, आशाताई ड्यू लिस्ट, म्हणजे लस द्यायच्या बाळांची यादी, घेऊन घरोघरी हाका मारते. गोवर-रुबेलाची कुपी द्रावण मिसळून तयार केली की चार तासांत वापरायची, उरलं ते टाकायचं. एका कुपीत अनेक डोस. म्हणून एरवी सगळी धडपड असते ती लेकुरवाळ्यांना एकाच वेळी गोळा करण्याची. २०२० मध्ये नेमकं हे गोळा करणंच वर्ज्य ठरलं. एकच बाळ आलं तरी कुपी फोडा, असा नियम आहे; पण वाया गेलेल्या डोसांचा हिशेब जिला द्यायचा, तिचा हात कचरतोच. त्यात एसटी बंद, बाळंतिणी माहेरी अडकलेल्या. पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या लसीच्या सुईनंतर बाळाला ताप येणं नेहमीचंच, पण त्या दिवसांत घरात ताप आहे हे शेजाऱ्याला कळू द्यायचीसुद्धा धास्ती होती.

आशाताई तरी कुठे मोकळ्या होत्या? सप्टेंबरपासून त्या राज्य सरकारच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या घरोघरच्या कोविड सर्वेक्षणात होत्या. जानेवारी २०२१ मध्ये कोविडची लस सुरू झाली आणि १७ तारखेचा पल्स पोलिओ ३१ वर गेला. त्या ३१ तारखेला यवतमाळ जिल्ह्यात १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजला गेला. मुलं बचावली, कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. चूक अक्षम्य खरीच. पण वर्षभर एकाच माणसाच्या माथी किती कामं मारली होती, याची चौकशी कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

२०२० च्या आकडेवारीत भारतात डीपीटी या घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातावरच्या लसीच्या तिसऱ्या डोसचं प्रमाण ९१ टक्क्यांवरून ८५ वर आलं. जगात २०२१ साली सुमारे १ कोटी ८० लाख बाळांना या लसीचा एकही डोस मिळाला नाही. लसीकरणातली ही ३० वर्षांतली सर्वांत मोठी घसरण असल्याचं युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेने १५ जुलै २०२२ ला जाहीर केलं. दोनच दिवसांनी भारताने कोविड लशीचे २०० कोटी डोस पूर्ण केले. पहिल्या पानावर कोणती बातमी झळकली, हे सांगायला नको.

हिशेब चुकता केला गोवराने. तो इतक्या झपाट्याने पसरतो, की ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळाल्याशिवाय आवरत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईतल्या गोवंडीत मुलं दगावली. मग मालेगाव, भिवंडी. दाटीवाटीच्या याच वस्त्या कोविडातही होरपळल्या होत्या. केंद्राचं पथक मुंबईत आलं, उद्रेकाच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायचं ठरलं, आणि काही ठिकाणी तर सहा महिन्यांच्या बाळांनाही.

राहिलेली मुलं हुडकायला मिशन इंद्रधनुष २०२१ पासून पुन्हा पुन्हा राबवलं गेलं आणि त्याने बरंच भरून काढलं. पण लशींना वयाची मर्यादा असते. क्षयावरची बीसीजी आणि रोटाव्हायरसचा पहिला डोस आपल्या कार्यक्रमात वर्षाच्या आतच देतात. २०२० च्या उन्हाळ्यात घरी जन्मून यादीबाहेर राहिलेलं मूल दुसरी लाट ओसरेपर्यंत वर्षाचं झालं होतं. त्याला गोवर-रुबेला देता आली, पेंटाव्हॅलंटऐवजी डीपीटी देता आली. त्याच्या कार्डावरचा बीसीजीचा रकाना मात्र आता भरता येत नव्हता.