पर्यावरणरक्षण, स्वयंसेवी (बीड शहर व परिसर)

नागरिकांनी मोबदला न घेता आपल्या परिसरातील वृक्ष, जलस्रोत, वन्य जीव व मोकळी जमीन यांचे जतन करण्याचे कार्य. भारतात ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. विद्यार्थ्यांना अशा कामाकडे वळविणारी राष्ट्रीय सेवा योजना त्यापूर्वीच, १९६९ मध्ये, सुरू झाली होती. मोठ्या नगरांत हे कार्य बहुधा कचरा आणि हवेचे प्रदूषण यांच्याशी निगडित असते. बीड येथे ते मुख्यतः पाण्याशी निगडित आहे.

बीड जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. बालाघाट डोंगररांगेच्या उतारांवर बेसाल्ट खडकावर मुरुमाड मातीचा पातळ थर असून वनाच्छादन जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या तीन टक्क्यांहूनही कमी आहे. पाऊस जून ते सप्टेंबर या काळात, तोही अनियमितपणे, पडतो. त्यामुळे रोप लावणे हा कामाचा सर्वांत सोपा भाग ठरतो. फेब्रुवारी ते जून या महिन्यांत त्याला पाणी देणे, आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करणे, चराईपासून व वणव्यापासून ते राखणे हे खरे काम होय. वृक्षारोपणाचे समारंभ पावसाळ्यात होतात आणि रोपे मरतात ती उन्हाळ्यात. लावलेल्या रोपांचे आकडे प्रसिद्ध करताना जगलेल्या रोपांची मोजदाद क्वचितच दिली जाते.

या दृष्टीने शहरालगतच्या पालवण येथील सह्याद्री देवराई हे उदाहरण लक्षणीय आहे. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने उजाड टेकड्यांवर ही देवराई उभी राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे वृक्षसंमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद वडाच्या झाडाला देण्यात आले. पुढे २०२१ मध्ये देवराईला आग लागून अनेक झाडे होरपळली. पावसाळ्यानंतर वाढलेले गवत उन्हाळ्यात वाळले की ठिणगीही पुरते. म्हणून उन्हापूर्वी गवत कापून जाळरेषा काढणे हे लागवडीइतकेच आवश्यक असते. या कंटाळवाण्या कामाला समारंभाइतकी माणसे मिळत नाहीत.

मनुष्यबळाचा प्रश्न येथे आणखी एका कारणाने बिकट होतो. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि गाळप संपल्यावर परततात. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या प्रारंभापर्यंत अनेक गावांत वृद्ध व मुलेच उरतात. पानी फाउंडेशनची 'सत्यमेव जयते वॉटर कप' स्पर्धा २०१६ मध्ये ज्या तीन तालुक्यांत प्रथम झाली, त्यांत अंबेजोगाई हा एक होता. श्रमदानाचा तिचा काळ मुख्यतः एप्रिल-मे हाच असल्याने परतलेल्या मजुरांचा हातभार लागू शकत होता. समतल चर, बांधबंदिस्ती अशी कामे तीत होती. १ मे २०१८ रोजी शहरांतील 'जलमित्र' महाश्रमदानासाठी गावोगावी गेले. एका दिवसाचे श्रमदान चरांच्या लांबीत फारशी भर घालत नाही. परंतु आपल्या नळाचे पाणी कोणत्या माळावरून झिरपून येते, हे शहरवासीयास तेथे प्रथम दिसते.

जुन्या जलव्यवस्थांची निगा हा कार्याचा दुसरा भाग. शहराच्या दक्षिणेस सु. ६ किमी. वरील खजाना विहीर निजामशाहीत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सलाबतखानाने बांधविली. भूमिगत मार्गांनी विहिरीत येणारे पाणी पुढे तशाच मार्गाने शेतीकडे नेण्याची तिची रचना आहे. अशा वास्तूतील गाळ उत्साहाच्या भरात उपसणे धोक्याचे असते. जुने बांधकाम ढळू नये म्हणून जाणकारांची देखरेख हवी. शहरातून वाहणारी बिंदुसरा नदी पुढे सिंदफणेस मिळते. वर्षातील बराच काळ ती जवळजवळ कोरडी असल्याने पात्राला मोकळ्या जागेचे रूप येते. १९८९ च्या जुलैमधील महापुराने मात्र ही समजूत खोटी ठरविली. तेव्हा पात्रात राडारोडा पडू न देणे हे येथे सौंदर्यापेक्षा जीवितरक्षणाचे काम आहे.

श्रमाखेरीज नागरिकांच्या हाती कायद्याचेही साधन आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये नागरी क्षेत्रात वृक्ष प्राधिकरणाची तरतूद असून परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. तोडीच्या अर्जाची जाहीर सूचना निघाल्यावर कोणाही नागरिकास हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक वर्षे वयाच्या वृक्षांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. झाडाचे वय ठरविताना गल्लीतील वृद्धांच्या आठवणी धागा देतात. त्या लिहून ठेवण्याचे काम घरबसल्याही करता येते.