घरचे ब्रॉडबँड : आधी माप, मग पाळी



अलीकडे पुष्कळ घरांत फायबरची तार आली आहे. तार एकच, तिच्यावर दोन संगणक, चार मोबाईल आणि टी.व्ही. मग नेमका शेवटच्या दिवशी मुलीचा परीक्षेचा अर्ज अडतो आणि दोष कंपनीला जातो. कधी तो असतोही. पण पुष्कळदा पाणी वरच मुरतं आणि टेलला पोचत नाही.

प्रथम माप समजून घ्यावे. योजनेवरील '४० एमबीपीएस' हा चारीचा प्रवाह. हा आकडा बिटचा आहे. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून सेकंदाला फार तर ५ एमबी येतात. कोटा मात्र महिन्याचा आणि जीबीचा. 'अमर्याद' योजनेलाही बहुधा मर्यादा असते. पुष्कळ योजनांत ती महिना ३३०० जीबीच्या आसपास, काहींत कमी. ती संपली की वेग उतरतो. आपली मर्यादा कंपनीकडून विचारून घ्यावी.

खर्च कशाला होतो? चित्रपट साध्या दर्जात तासाला सुमारे १ जीबी, एचडीत ३ पर्यंत, फोर-केत ७ पर्यंत. रोज चार तास फोर-के पाहिले तर महिन्याला ८४० जीबी गेले! अभ्यासाची पीडीएफ मात्र थोड्या एमबीची.

उपाय असे :

१) विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'डेटा युसेज' पहा. कोणत्या प्रोग्रॅमने ३० दिवसांत किती ओढले ते कळते. हे प्रत्येक संगणकावर पाहावे लागते.

२) राउटरच्या यादीत अनोळखी यंत्र दिसले तर वाय-फायचा पासवर्ड बदला.

३) कोटा कमी असेल तर विंडोजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' लावा; बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत. पण सुरक्षेसाठी ते लागतातच. आठवड्यातून एका रात्री ही खूण काढून उतरवून घ्या.

४) मोबाईलचे फोटो, व्हिडिओ क्लाउडवर चढू लागले की वर जाणारी वाट तुंबते आणि सगळ्यांचंच काम रेंगाळतं. हे काम रात्रीवर टाका.

५) राउटरमध्ये 'क्यूओएस' असेल तर अभ्यासाच्या संगणकाला अग्रक्रम द्या. नसेल तर घरात बसून पाळी ठरवा.

जास्त पैशाची योजना घेण्यापूर्वी महिनाभर हा हिशेब ठेवून पाहावा. चारी रुंद केली तरी पाळी मोडणारा असला, की टेलचा वाफा कोरडाच राहतो.