घरातला ससा बागेत सोडताना

ब्रिटनमध्ये एप्रिल सरत आला की थंडी ओसरते, परसबागेतील हिरवळ पुन्हा वाढीस लागते आणि मुलांचा आग्रह सुरू होतो : सशाला आता बाहेर सोडू या. मुलांच्या हट्टाखातर ससा पाळलेल्या इथल्या मराठी कुटुंबांनाही हा प्रसंग चुकत नाही. आग्रह रास्तच आहे. दिवाणखान्यात वाढलेल्या सशालाही धावावेसे, उकरावेसे, ताजे गवत कुरतडावेसे वाटते. शिवाय सूर्यप्रकाशामुळे त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते. परंतु गालिच्यावरून थेट हिरवळीवर ही उडी वाटते तितकी साधी नाही.

पहिला घोटाळा शब्दाचाच आहे. मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन निराळ्या प्राण्यांसाठी वापरला जातो. महाराष्ट्राच्या माळरानावर दिसणारा ससा बीळ खणत नाही. तो गवताच्या आडोशाला उघड्यावरच बसतो आणि संकट आले की पायांच्या वेगावर विसंबतो. घरात पाळला जाणारा ससा मात्र आयबेरियन द्वीपकल्पातून पसरलेल्या, बिळात राहणाऱ्या रानसशाचा वंशज आहे. माती उकरणे ही त्याची खोडी नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. म्हणूनच लाकडी कुंपण कितीही भक्कम असले तरी खालची माती मऊ असेल, तर ते कुंपण त्याच्या दृष्टीने नसल्यासारखेच. जाळीचा पिंजरा ठेवायचा असेल तर त्याच्या कडेने जमिनीवर आत आणि बाहेर सुमारे 30 सेंटिमीटर रुंदीची जाळी अंथरून पक्की करावी. ही जाळी जोडकाम केलेल्या जाड तारेची हवी. कोंबड्यांसाठी मिळणारी पातळ षटकोनी जाळी कोल्हा दातांनी तोडू शकतो. जागेच्या बाबतीत ‘रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड’ या ब्रिटिश संस्थेची शिफारस स्पष्ट आहे : दोन सशांच्या कायमच्या वास्तव्यासाठी किमान 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 1 मीटर उंच.

जाळीच्याही आधी लस. मिक्सोमॅटोसिस हा रोग 1953 मध्ये ब्रिटनमध्ये पोहोचला आणि त्याने पुढील काही वर्षांत इथल्या रानसशांपैकी बहुतांश मारून टाकले. पिसवा आणि डास तो पसरवतात. दुसरा रोग सशांचा रक्तस्रावी विषाणूजन्य रोग. तो 1984 मध्ये चीनमध्ये प्रथम आढळला, तर त्याचा दुसरा प्रकार 2010 मध्ये फ्रान्समध्ये. यात अनेकदा कोणतेही लक्षण न दिसता ससा एका रात्रीत दगावतो. हा विषाणू बाहेरच्या वातावरणात दीर्घकाळ टिकतो आणि बुटांच्या तळव्यांवरूनही घरात येऊ शकतो. त्यामुळे ‘आमचा ससा बाहेर जातच नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही. दोन्ही रोगांवरची एकत्रित लस पाच आठवड्यांच्या वयापासून देता येते, दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचे संरक्षण मिळण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. शनिवारी लस आणि रविवारी बाग, हे चालणार नाही.

उन्हाळ्यातील सर्वांत भीषण धोका मात्र माशीचा. हिरवट चकाकणारी माशी सशाच्या शेपटीखाली, लघवीने वा मऊ विष्ठेने माखलेल्या केसांत अंडी घालते. काही तासांतच अळ्या बाहेर पडून जिवंत मांस कुरतडू लागतात. लठ्ठ किंवा सांधेदुखीने त्रस्त सशाला स्वतःची स्वच्छता जमत नाही, म्हणून त्याला धोका अधिक. उष्ण दिवसांत सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली पाहणे अनिवार्य आहे. एक जरी अळी दिसली तरी धुण्यापुसण्यात वेळ न घालवता थेट पशुवैद्याकडे जावे.

पचनसंस्थेलाही सवय लागावी लागते. आधी काही दिवस घरातच मूठभर ताजे गवत देऊन प्रमाण हळूहळू वाढवावे. यंत्राने कापलेले गवत मुळीच देऊ नये. ते लगेच आंबते. फॉक्सग्लोव्ह, यू, ऱ्होडोडेंड्रॉन, डॅफोडिलचे कंद आणि रुबार्बची पाने विषारी आहेत. गोगलगायी मारण्याच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या बाहेर वापरण्यास ग्रेट ब्रिटनमध्ये 2022 पासून बंदी आहे, पण बागेतल्या खोलीत एखादे जुने खोके राहिलेले असू शकते.

पहिली फेरी पंधरा-वीस मिनिटांची पुरे, आणि तीही कोरड्या, सौम्य हवेत. घरात राहणाऱ्या सशाला दाट हिवाळी केस येत नाहीत, त्यामुळे मार्चचे फसवे ऊन आणि ओले गवत त्याला सोसत नाही. उलट 25 अंशांपुढे उष्माघाताची भीती असते, कारण सशाला घाम येत नाही. तो मुख्यत्वे कानांवाटे उष्णता टाकतो. सावली, पाणी आणि दोन तोंडे असलेले पुठ्ठ्याचे खोके जवळ हवे. कोल्हा किंवा मांजर नुसते जाळीबाहेर येऊन उभे राहिले तरी धसक्याने ससा मरू शकतो, म्हणून मोठ्या माणसाने जवळ थांबावे. फोनवरच्या बैठकीत गुंतून नव्हे. त्याला उचलताना मागचा भाग हातावर तोलावा. अधांतरी राहिलेला ससा मागचे पाय इतक्या जोराने झाडतो की त्याचाच कणा मोडू शकतो. पट्टा बांधून फिरवण्यातही हाच धोका आहे.

परत आणताना पाठलाग करू नये. घरात रोज खाणे देताना डबा वाजवण्याची सवय लावली, तर त्याच आवाजावर तो स्वतःहून येतो. त्या संध्याकाळी तो सुके गवत खातो का आणि लेंड्या नेहमीसारख्या पडतात का, हे पाहावे. खाणे थांबले असेल तर सकाळची वाट न पाहता रात्रीच पशुवैद्याला फोन करावा.