रस्सीखेच

१९०० ते १९२० या काळात ऑलिंपिक सामन्यांत रस्सीखेचीचाही समावेश होत असे. १९०८ साली लंडन येथे अमेरिकेचा संघ लिव्हरपूलच्या पोलिसांसमोर उभा राहिला. इशारा होतो न होतो तोच अमेरिकेचे गडी ओढले गेले. पोलिसांच्या पायांत जड बूट आहेत, अशी त्यांनी तक्रार केली. ती फेटाळली गेली, तेव्हा अमेरिकेच्या संघाने माघार घेतली.

दोर तर हातांनी ओढावयाचा. मग भांडण बुटांवरून का व्हावे?

दोन्ही संघ प्राणपणाने ओढीत आहेत आणि दोराच्या मध्यावर बांधलेला रुमाल जागचा हालत नाही, असे पुष्कळदा दिसते. दुरून पाहणाऱ्यास वाटावे, येथे काहीच घडत नाही. परंतु गड्यांचे फुगलेले दंड निराळीच साक्ष देतात. बले आहेत, आणि मोठी आहेत. मात्र ती सारखी व विरुद्ध दिशांना असल्यामुळे त्यांचा परिणाम उरत नाही. अशा बलांना संतुलित बले म्हणतात.

आता बुटांकडे वळावे. दोराचा ओढा दोन्ही संघांना जवळजवळ सारखाच बसतो. फरक पडतो तो पायांखाली. गडी टाचा रोवून जमिनीला पुढे रेटतो, तेव्हा जमीनही त्याला तितक्याच बलाने मागे रेटते. ही सारी घर्षणाची करामत. गुळगुळीत फरशीवर पायमोजे घालून उभा राहिलेला पहिलवान एखाद्या पोराकडूनही ओढला जाईल! समजा, जमीन एका संघाला ४,००० न्यूटन बलाने मागे रेटते व दुसऱ्याला ३,८०० न्यूटन बलाने. तर २०० न्यूटन बल शिल्लक उरते. ही बले असंतुलित होत. दोर व दोन्ही संघ मिळून एका बाजूस सरकू लागतात.

खरी मौज पुढेच आहे. सरकू लागलेल्या संघाने जोर करून बले पुन्हा समान केली, की दोर थांबेल, असे बहुतेकांस वाटते. तो थांबत नाही. संतुलित बले स्थिर वस्तूला स्थिर ठेवतात, तशीच चालत्या वस्तूला त्याच वेगाने सरळ चालू ठेवतात. न्यूटनने हा नियम १६८७ साली आपल्या ग्रंथात मांडला. थांबण्यासाठी नुसती बरोबरी पुरत नाही. काही क्षण वरचढच व्हावे लागते. त्यातच घसरत्या पायांना मिळणारे घर्षण रोवलेल्या पायांच्या मानाने कमी असते. म्हणून एकदा पाय सुटलेला संघ क्वचितच सावरतो.

जड बुटांचे लिव्हरपूलकर अंतिम सामन्यात लंडन शहराच्या पोलिसांकडून हरले.