दुखत नाही, पण रक्त पडतं

गटाची बैठक संपते, सगळ्या उठतात, आणि चपला घालता घालता कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, मूळव्याधीवर काही आहे का?" म्हणून आज त्यावरच बोलू. घरात माणसं असतील तर रेडिओचा आवाज कमी करा, पण बंद करू नका.

एकीला बसवत नाही इतकं दुखतं. दुसरीला काहीच दुखत नाही, संडासला गेलं की लालभडक रक्त तेवढं पडतं. दोघी म्हणतात मूळव्याधच. नाव एकच, पण जागा वेगळी आणि तिथली कातडीही वेगळी.

गुदद्वारापासून साधारण दोन सेंटिमीटर आत, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर, कंगव्याच्या दात्यांसारखी एक नागमोडी रेघ असते. रेघेच्या वर आतड्याचं अस्तर, ओलं आणि नाजूक. त्याला सुई टोचली तरी कळत नाही. ताण आला, भरल्यासारखं झालं, एवढंच कळतं. रेघेच्या खाली आपली नेहमीची कातडी. बोटाला काटा रुतला तर जसं कळतं, तसं तिथं कळतं.

दोन्हीकडे रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. त्या सगळ्यांनाच असतात, तो काही रोग नव्हे. वरच्या गाद्या तर वारा आणि शौच रोखायला मदत करतात. सतत कुंथून, किंवा गरोदरपणी पोटाच्या भाराने, त्या फुगतात आणि खाली घसरतात. वरच्या गादीला कडक शौच घासलं की रक्त येतं, पण कळ येत नाही. पुढे कोंब बाहेर डोकावतो. आतलं ओलं अस्तरच बाहेर आलेलं असतं, म्हणून चिकट पाझरतं, खाज सुटते.

खालच्या गादीत रक्त गोठलं तर निळसर, टणक गाठ येते. पहिले दोन-तीन दिवस जीव नकोसा होतो. घमेल्यात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसलं की आराम पडतो, आणि गाठ बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते.

आतल्या कोंबाला डॉक्टर मुळाशी रबराचं छोटं कडं बसवतात. रक्त तुटून कोंब काही दिवसांत गळतो. बहुतेकदा भूलही लागत नाही. तेच कडं रेघेखाली बसलं तर बाई किंचाळेल! रस्त्यावर पाटी लावून बसलेल्याला ही रेघ ठाऊक असेल, याची आम्हाला तरी खात्री नाही.

आम्हाला काळजी वाटते ती न दुखणारीची. दुखणारी रडत का होईना, दवाखाना गाठते. न दुखणारी महिनोन्महिने रक्त घालवते, लोहाच्या गोळ्या खाते आणि तरी धाप लागते. शिवाय आतड्याच्या कॅन्सरमध्येही न दुखता रक्त पडू शकतं. ते डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कळत नाही.

आरोग्य केंद्रात गेल्यावर नुसतं "मूळव्याध आहे" म्हणू नका. रक्त कधीपासून पडतं, दुखतं की नाही, कोंब आपोआप आत जातो की ढकलावा लागतो, हे सांगा. बाई डॉक्टर हव्या असतील तर तसं विचारा. आशाताईंना सोबत न्या.