गिरणगावातले बाळ : शंभर वर्षांचा मागोवा

आईबापांनी मुलांना कसे जपावे याचे सल्ले परळ-लालबागच्या गिरणगावात शंभराहून अधिक वर्षे दिले जात आहेत. सुरुवात प्लेगपासून झाली. 1896 साली मांडवीत साथ उसळली, 10 जानेवारी 1897 रोजी डॉ. हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि 1899 मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. पण त्या काळात सरकारी माणूस दारात आला की चाळीत धडकी भरे. घरझडती आणि सक्तीने दवाखान्यात नेणे लोकांनी सोसले होते, त्यामुळे चांगला सल्लाही संशयाने ऐकला जाई.

मुंबईतील बालमृत्यूंचे 1921 सालचे प्रमाण दर हजार जन्मांमागे 667 नोंदले गेले. हा आकडा काहीसा फुगलेला होता. बाळंतपणाला बायका कोकणात किंवा घाटावर माहेरी जात, जन्म तिकडे होई आणि मृत्यू मात्र मुंबईच्या वहीत लागे. ही त्रुटी धरूनही चित्र भयंकर होते, आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत ते आणखी वाईट होते. त्याच एका खोलीत चूल, मोरी आणि बाळंतीण, शिवाय पोटभाडेकरूही.

अफूच्या बाळगोळीचा इतिहास याच खोल्यांतला आहे. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत काम करणाऱ्या बायका बाळाला घरी ठेवून भोंग्याला हजर होत. बाळ दिवसभर झोपून राहावे म्हणून सकाळीच त्याला गोळी चाटवली जाई. डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली. 1922 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार या स्त्रियांच्या 98 टक्के बाळांना अफू दिली जात होती. गुंगीतले बाळ रडत नाही, दूध मागत नाही आणि वाळत जाते. याचा दोष आईच्या अज्ञानावर टाकणारे तेव्हा पुष्कळ होते. तो अन्याय होता. रजा घेतली तर मजुरी बुडणार, बाळाकडे पाहायला घरात माणूस नाही, अशा आईला ‘अफू देऊ नका’ एवढेच सांगून काय साधणार होते?

ज्यांनी हे ओळखले त्यांनी सल्ल्याच्या जोडीला कायदा मागितला. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी 1924 साली केंद्रीय विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक मांडले, पण ते संमत झाले नाही. 1928 मध्ये मुंबईच्या कौन्सिलात तशाच विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. बाबासाहेब स्वतः परळच्या पोयबावडीतल्या बीआयटी चाळीत राहत होते आणि त्यांची चार अपत्ये लहानपणीच दगावली होती. 1929 साली मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. याच सुमारास परळमध्ये केईएम, नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय उभे राहिले. कामगार वस्तीतल्या मुलाला चालत जाण्याच्या अंतरावर डॉक्टर मिळू लागला. पाळणाघरांना कायद्याचा भक्कम आधार मिळायला मात्र 1948 चा फॅक्टरी कायदा यावा लागला.

पोलिओचे उदाहरण वेगळे आहे. तिथे आईबाप केवळ सल्ला घेणारे राहिले नाहीत, तेच पुढे सरसावले. मुलीला पोलिओ झाल्यावर फातमा इस्माईल यांनी 1947 साली मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला आणि त्या कामातून पुढे हाजीअलीचे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय घडले. 1995 पासून पल्स पोलिओच्या रविवारी बूथ घराजवळ आले आणि राहिलेल्या मुलांसाठी आरोग्यसेविका जिने चढून दारापर्यंत गेल्या. 2014 साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

बाळगुटीचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. सहाणेवर वेखंड, जायफळ उगाळून बाळाला चाटवण्याची रीत गिरगाव-दादरच्या कित्येक घरांत मायेने जपली जाते. बालरोगतज्ज्ञ मात्र पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही, अगदी पाणीसुद्धा, देऊ नये असे सांगतात, आणि ते बरोबर आहे. ज्या नवजात बाळांना आईचे दूध मिळू शकत नाही त्यांच्यासाठी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली शीव रुग्णालयात मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली.

पाणी साठवू नका, डास होतात, हा सल्ला चाळीत कधी टिकला नाही, कारण नळाला पाणी काही तासच येते. पिंप भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. ‘पिंप झाका आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून घासून कोरडे करा’ हे सांगणे मात्र पाळता येते आणि डेंग्यू-मलेरियाला आळाही घालते. पावसाळ्यात हिंदमाता परिसरात गुडघाभर पाणी साचले की लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर शहराने ती अनुभवली. पायाला जखम असलेल्या मुलाला त्या पाण्यात उतरवू नये, आणि उतरावे लागलेच तर पाय साबणाने धुऊन लगेच डॉक्टरांना विचारावे.

दहीहंडीत वरच्या थरावर हलके मूल चढवण्याची प्रथा कोर्टापर्यंत गेली. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने 18 वर्षांखालील मुलांना थरांत घेण्यास मनाई केली आणि उंचीला 20 फुटांची मर्यादा घातली. 2017 मध्ये उंचीची मर्यादा उठली आणि वयाची अट 14 वर आली. मूल वर चढवावे की नाही हे आईबापांनी ठरवायचे, असे म्हणणे अपुरे आहे. गल्लीतल्या मंडळाला नाही म्हणणे एका घराला जड जाते. तिथे नियम पाळण्याची पहिली जबाबदारी मंडळाचीच.

आता चाळींच्या जागी टॉवर येत आहेत. वरळीच्या बीडीडी चाळीतील काही कुटुंबे 2025 मध्ये नव्या उंच इमारतींत गेली. चाळीच्या गॅलरीत खेळणाऱ्या पोरावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर असे. टॉवरच्या बंद दारामागे ती नसते आणि उघडी खिडकी विसाव्या-तिसाव्या मजल्यावर असते. खिडकीजवळ पलंग किंवा खुर्ची ठेवू नये, हे प्रत्येक आईबापाने पाळावेच. पण खिडकीची भक्कम जाळी घराच्या चावीबरोबरच मिळाली पाहिजे, आणि हा आग्रह रहिवाशांच्या समित्यांनी ताबा घेण्याआधीच धरावा.