साखर मोडायला किती वेळ लागतो?

पोरांनो, चमचाभर साखर पाण्यात टाकली की दिसेनाशी होते. पण ती मोडत नाही हं, नुसती विरघळते. मोडणं निराळं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन छोट्या साखरा एकमेकींना जोडल्या गेल्या, की आपल्या डब्यातल्या साखरेचा एक रेणू होतो. त्यांच्यामधला सांधा पाण्यानं सुटला, तर साखर मोडली म्हणायची.

आता सांगा बघू, साध्या पाण्यातली निम्मी साखर अशी मोडायला किती वेळ लागेल? त्यात जंतू नाहीत, आंबट काही नाही, हवा २५ अंशांची. अगदी कडक सोवळ्यातलं साखरपाणी. तास? महिना? अरे, चारशेहून अधिक वर्षं! शिवबांच्या जन्माच्या वेळी, १६३० साली, शिवनेरीवर कुणी असं पाणी भरून ठेवलं असतं, तर निम्म्याहून जास्त साखर आजही त्यात शाबूत असती.

लिंबू मात्र पिळायचं नाही. आंबटपणा आला की सांधे भराभर सुटू लागतात, आणि गंमत म्हणजे आम्ल त्यात खर्चही होत नाही. हे मोडणं घड्याळ लावून मोजलं ते जर्मनीतल्या लुडविग विल्हेल्मीनं, १८५० साली. त्याची युक्ती मला फार आवडते. साखरपाण्यातून ध्रुवित प्रकाश सोडला तर त्याच्या कंपनांची दिशा उजवीकडे वळते. साखर पुरती मोडली की डावीकडे. म्हणजे भांड्यात बोट न बुडवता, नुसतं नळीतून पाहून त्याला कळे की आता साखर किती उरली. त्याला आढळलं ते असं: दर क्षणी मोडण्याचा वेग उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. साखर निम्मी उरली की वेगही निम्मा. रासायनिक क्रियेचा वेग असा गणितात बसला, आणि पुढं बरीच वर्षं त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही!

मग १८८९ साली स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनिअसनं हीच साखर हाती घेतली. त्याच्यापुढचं कोडं उष्णतेचं होतं. तापमान एक अंशानं वाढलं तर रेणूंची धाव जेमतेम टक्क्याच्या सहाव्या हिश्शानं वाढते. साखर मोडण्याचा वेग मात्र दहा-पंधरा टक्क्यांनी. हे कसं? तर मोडण्याआधी प्रत्येक रेणूला एक घाट चढावा लागतो. तेवढा दम असलेले रेणू मूठभरच असतात. थोडी ऊब वाढली की सगळ्यांची चाल फारशी बदलत नाही, पण घाट चढू शकणाऱ्यांची संख्या झपाट्यानं वाढते.

आणि कुणी घाटात बोगदाच पाडला तर? सजीवांमधली विकरं तेच करतात. साखर मोडणारं विकर म्हणजे इन्व्हर्टेज. ते यीस्टमध्ये असतं, उसात असतं, मधमाशीच्या ग्रंथींतही असतं. मकरंदाचा मध होताना माशी त्यातली साखर मोडूनच ठेवते. बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि कॅनडाहून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन या बाईंनी १९१३ साली याच विकराचा वेग मोजला. साखर कितीही ओता, एका हद्दीपुढं वेग वाढत नाही. सगळे बोगदे भरलेले असतात ना!

आपल्या गुऱ्हाळावरचा गुळव्या यातलं एकही नाव न ऐकता हाच वेग आवरत आला आहे. उसाचा रस मुळातच किंचित आंबट, त्यात खाली चुलवण पेटलेलं. साखर मोडली तर गूळ नीट बसत नाही, चिकट होऊन पाघळतो. म्हणून तो काहिलीत चुन्याची निवळी घालून आंबटपणा मारतो. पण बेतानंच, कारण चुना जास्त झाला तर गूळ काळवंडतो.

उसाचंही तेच. कोयता लागला की कांड्यातलं इन्व्हर्टेज जोर धरतं, कापलेल्या तोंडातून जंतू शिरतात, आणि वर फाल्गुन-चैत्राचं ऊन. गाळपाला जितका उशीर, तितकी साखर कमी. तेव्हा रस्त्यात उसाची ट्रॉली पुढं आली, तर उगाच हॉर्न वाजवू नका. तिला आधी जाऊ द्या.